‘साभार परत’ही नाही

मराठी लेखकाचे परंपरागत दुःख कोणते, असे कोणी विचारले तर पूर्वी ‘साभार परत’ हे दोन शब्द उच्चारले की उत्तर पुरे होत असे. लेख पाकिटात घालावा, परतीच्या टपालखर्चाची तिकिटे सोबत जोडावी, मारुतीला नारळ बोलावा, आणि पंधरा दिवसांनी आपल्याच हस्ताक्षरातील पत्ता असलेले जाडजूड पाकीट पोस्टमनने दारात आणून टाकावे, हा अनुभव आमच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांतील बहुतेक लेखकांनी घेतलेला आहे. त्या पाकिटावर विनोदी लेखकांनी इतके विनोद केले आहेत की, साभार परत आलेल्या लेखांपेक्षा त्यांच्याविषयी छापून आलेले लेखच संख्येने अधिक भरावेत. परंतु आज विचार करता त्या पाकिटात मोठे सौजन्य होते असे आम्हांस वाटू लागले आहे. लेख कोणाच्या तरी हाती पडला होता. त्याने तो वाचला असेल, नुसता चाळला असेल, किंवा न वाचताच एका पाकिटातून काढून दुसऱ्या पाकिटात घातला असेल. पण नकार देण्यापुरता का होईना, पलीकडे एक मनुष्य होता.

ज्या दुःखाविषयी आम्ही आज लिहावयास बसलो आहो, त्यात पलीकडे मनुष्यच नाही. लेख नाकारला गेलेला नाही. तो प्रसिद्ध झाला, वाचला गेला, त्यावर वाचकांनी मनापासून लिहिले, आणि तो अजूनही त्याच जागी आहे. मात्र ज्या संकेतस्थळावर तो आहे त्याचे चालक कोठे आहेत, हे कोणास सांगता येत नाही. दार उघडे, दिवा जळत असलेला, आणि घरात कोणी नाही. हाक मारावी तर आपलाच आवाज ऐकू यावा, अशी ती अवस्था आहे.

कुर्डुवाडीसारख्या गावी राहून लिहिणाऱ्यास आंतरजालाने काय दिले, हे पुण्या-मुंबईच्या लेखकांस पुरतेपणी कळणार नाही. तेथील लेखक संपादकास सभेत भेटतो, चहाच्या दुकानात भेटतो, क्वचित त्याच्या जिन्यातही उभा राहतो. आमच्याकडे संपादक म्हणजे मासिकाच्या दुसऱ्या पानावरील बारीक ठशातील एक पत्ता. अशा स्थितीत १९९६ साली ‘मायबोली’ निघाली, २००४ साली ‘मनोगत’, २००७ साली ‘मिसळपाव’ आणि २०११ साली ‘ऐसी अक्षरे’. आणखीही लहानमोठी स्थळे निघाली. तत्पूर्वी मराठी मजकूर संगणकावर धाडणे म्हणजे एक संकटच असे. ज्याचा त्याचा टंक निराळा. ‘शिवाजी’त लिहिलेले ‘श्रीलिपी’वाल्यास रोमन अक्षरांचा कचरा दिसावयाचा. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षरास जगभर एकच क्रमांक दिला, आणि त्या क्रमांकाची व्यवस्था सर्वसाधारण संगणकांत आल्यावर हा घोळ मिटला. मग माढे तालुक्यातील मनुष्य रात्री जेवणानंतर लेख चढवू लागला आणि त्यास सकाळच्या चहाच्या आत सॅन होजेहून उत्तर येऊ लागले. या मंडळींची एक भाषाही तयार झाली. खासगी पत्रास ‘व्यनि’, म्हणजे व्यक्तिगत निरोप. आणि लेखाखाली ‘पु.ले.शु.’, म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी कपाळास आठ्या घातल्या खऱ्या, परंतु जी भाषा स्वतःसाठी संक्षेप तयार करते ती जिवंत असते असे आमचे मत आहे.

अशाच एका स्थळावर आम्ही लिहीत असू. वर नावे घेतलेल्यांपैकी ते नव्हे, आणि त्याचे नाव आम्ही येथे घेणारही नाही. कारण त्याच्या चालकांशी आमचे वैर नाही, आणि वैर करावयाचे म्हटले तरी त्यासही ते सापडावयास हवेत! तेथे आम्ही सात लेखांची एक माला लिहिली. विषय आमच्या गावचाच, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचा. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी रेल्वे कुर्डुवाडीवरून जाते. आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने उभारलेली ही लहान रेल्वे १८९७ साली येथूनच बार्शीकडे निघाली. त्या काळी आमच्या स्टेशनाचे नावही ‘बार्शी रोड’ असे होते. लहान गाडीच्या दोन रुळांमध्ये अंतर अवघे अडीच फूट. पुढे ती १९०६ साली पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोचली. १९५४ साली सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. आणि चालू शतकात टप्प्याटप्प्याने तिचे रूळ रुंद होऊन ती मोठ्या रेल्वेत मिसळून गेली.

रूळ निराळे असल्याचा परिणाम असा होता की, लहान गाडीचा डबा पुढे जाऊ शकत नसे. लातूर-बार्शीकडील मालाचे प्रत्येक पोते कुर्डुवाडीस उतरावयाचे आणि हमालाच्या पाठीवरून समोरच्या मोठ्या डब्यात चढावयाचे. आषाढीस पंढरीचे वारकरीही असेच एका गाडीतून उतरून दुसरीत चढत. कित्येक दशके आमच्या गावाचा मुख्य व्यवसाय ‘एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवणे’ हाच होता, असे म्हटले तरी चालेल. त्या उचलठेवीविषयी, कारखान्याच्या भोंग्याविषयी, रेल्वेच्या चाळींविषयी आम्ही लिहिले. लेख बरे होते. त्याहून अधिक त्यांच्याविषयी म्हणवत नाही. खरे मोल होते ते त्यांच्याखाली जमलेल्या दीडशेवर प्रतिसादांचे.

मिरजेच्या एका बाईंचे आजोबा या मार्गावर गार्ड होते. गाडी स्टेशनात येण्यापूर्वीच आजीला तिच्या आवाजावरून आज किती उशीर झाला ते कसे कळे, हे त्यांनी लिहिले. कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर आपल्या नातवाकडून लिहवून घेत. ते आमच्या प्रत्येक लेखातील यंत्रांची नावे सुधारीत आणि शेवटी न चुकता ‘बाकी उत्तम’ असे म्हणत. चौघा गृहस्थांचा, चालत्या गाडीतून उतरून लघुशंका आटोपून पुन्हा त्याच डब्यात चढता येत असे की त्याच्या मागील डब्यात, या प्रश्नावर आठ दिवस वाद चालला होता. आणि लातूरकडील एका आडत दुकानाचे एक वयोवृद्ध दिवाणजी होते. कुर्डुवाडीच्या फलाटावर हमाल पोती कशी मोजीत, त्याची सगळी रीत त्यांनी लांबलचक प्रतिसादात लिहून ठेविली होती. पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणावयाचे, हे आपणांपैकी पुष्कळांनी खळ्यावर ऐकले असेल. परंतु पुढील एका आकड्यासही तेथील टोळीत निराळाच शब्द होता, आणि तो कसा पडला याची एक हकीकतही होती. ती वाचून आम्ही त्या रात्री घरातील सर्वांस उठवून वाचून दाखविली होती.

स्थळाची अनास्था एका दिवसात ध्यानात येत नाही. आरंभी दिवाळी अंक निघाला नाही. आम्ही म्हटले, चालकांस या वर्षी सवड झाली नसेल. मग मुखपृष्ठावर एक सूचना आली की, काही तांत्रिक सुधारणा चालू असून नव्या सोयी लवकरच उपलब्ध होतील. ती सूचना चार वर्षे तेथेच होती. ‘लवकरच’ या क्रियाविशेषणाचा एवढा दीर्घ प्रयोग आमच्या पाहण्यात दुसरा नाही. पुढे लेखांतील छायाचित्रे जाऊन त्यांच्या जागी रिकामे चौकोन उरले. देवनागरी लिहिण्याची सोय बिघडली, तेव्हा लोक दुसरीकडे लिहून तेथे आणून चिकटवू लागले. मग जाहिराती आल्या. फिटरबुवांनी बॉयलर धुण्याची रीत सांगितली होती, तिच्या लगेच खाली कोणी परदेशी भामट्याने वजन उतरविण्याच्या गोळ्यांची जाहिरात लावली, आणि ती काढावयास कोणी नव्हते. काही दिवसांनी पान उघडू जाता ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा येऊ लागला, आणि भिडस्त वाचक तेथूनच परत फिरू लागले. आमचा परवलीचा शब्द चालेनासा झाला. नवा मागितला की, ‘आपल्या पत्त्यावर निरोप पाठविला आहे’ असे स्थळ मोठ्या अदबीने सांगे. आणि निरोप काही येत नसे. यंत्राने इतके सभ्य खोटे बोलावे, हे आम्हांस तरी नवीन होते.

चालकांस आम्ही पत्रे लिहिली. एकंदर आठ. पहिल्या पत्रात विनंती होती, तिसऱ्यात आर्जव, पाचव्यात काम आम्ही वर्गणी काढून करवून घेतो अशी तयारी दाखविली होती. कोणत्याच पत्रास उत्तर नाही. पत्ता चुकीचा असल्याची पोचही नाही. आणि मग एके दिवशी असे झाले की, लेखाखालचे पहिले पन्नास प्रतिसाद दिसत, परंतु ‘पुढील पान’ म्हटले की कोरा पडदा येई. दिवाणजींचा प्रतिसाद दुसऱ्या पानावर होता.

आमच्याबरोबर लिहिणारी मंडळी पांगली. काही फेसबुकवर गेली, काही ‘प्रतिलिपी’कडे वळली. करमाळ्याकडील एका बाई तेथे सासरच्या मोठ्या कुटुंबाविषयी फार सुरेख लिहीत. त्यांनी लिहिणेच सोडले. आम्ही आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार केली तर नगरपालिकेचा माणूस निदान ‘उद्या येईल’ म्हणतो. येथे तेवढेही कोणी म्हणत नाही. मग मी कोणासाठी लिहू?” यावर द्यावयास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

या सर्व प्रकारास आमच्या काही स्नेह्यांचे एक ठरलेले उत्तर आहे: फुकट होते ना, मग तक्रार कसली? यातील अर्धा भाग आम्हांस मान्य आहे. अशी स्थळे चालवणारे लोक बहुधा हौशी असतात. पदरचा पैसा घालून जागेचे भाडे भरतात, नोकरी सांभाळून रात्री दुरुस्त्या करतात, आणि वर सभासदांची भांडणे सोडवितात. शिवाय स्थळ एकदा उभारले म्हणजे ते उभे राहते असे नाही. पुष्कळ मराठी स्थळे ‘ड्रुपल’ नावाच्या प्रणालीवर बांधलेली आहेत. तिच्या आवृत्त्या बदलतात, आणि जुन्या आवृत्तीची देखभाल कर्ते थांबवितात; सातव्या आवृत्तीची देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी थांबली. नव्या आवृत्तीत जावयाचे म्हणजे सगळे लेख, सगळे प्रतिसाद, सभासदांची सगळी नावे एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावयाची. कुर्डुवाडीच्या मनुष्यास हे काम काय असते ते समजावून सांगावे लागत नाही. एकट्या हौशी गृहस्थाने ते करावयाचे म्हणजे एका हमालाने अख्खी मालगाडी रिकामी करण्यासारखे आहे. तो थकला तर आम्ही त्यास दोष देणार नाही.

परंतु फुकट काय काय होते, याचा हिशेब पुरा मांडावयास हवा. जागा फुकट होती, तसा मजकूरही फुकट होता. फिटरबुवांनी बॉयलरविषयी जे सांगितले त्याचे त्यांस कोणी काही दिले नाही. एकाने भिंती दिल्या आणि दुसऱ्यांनी संसार दिला. आता भिंतींचा मालक थकला म्हणून त्याने संसार आत ठेवूनच निघून जावे, आणि किल्लीही कोणास देऊ नये, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. थकल्याचे कळविण्यास पैसा लागत नाही. दोन ओळी पुरतात.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट घ्या. त्यांच्याविषयी प्रेमाने बोलण्याचे आम्हांस कारण नाही. पण बंद करावयाचे ते सांगून करण्याचा रिवाज त्यांतील कित्येकांनी तरी पाळला. ‘याहू’ने १९९९ साली घेतलेले ‘जिओसिटीज’ २००९ च्या ऑक्टोबरात बंद झाले, तेव्हा त्याची सूचना काही महिने आधी निघाली होती, आणि त्या अवधीत काही हौशी लोकांनी तेथील पाने झपाट्याने उतरवून घेतली. ‘ऑर्कुट’वर आमच्या पिढीच्या कितीतरी मराठी मंडळींच्या गप्पा झडल्या, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, परंतु जूनमध्येच तसे जाहीर झाले होते, आपला मजकूर घेऊन जाण्याची सोय दिली होती, आणि सार्वजनिक मंडळांतील चर्चा त्यानंतरही काही काळ वाचण्यापुरत्या खुल्या होत्या. उलट ‘मायस्पेस’चे पाहा. ते बंद पडले नाही, चालूच राहिले. आणि २०१९ साली असे उघडकीस आले की, मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना २०१५ पर्यंत लोकांनी तेथे ठेविलेली गाणी नाहीशी झाली. बंद पडलेल्या घरापेक्षा दुर्लक्षित घरात नुकसान अधिक होते, कारण तेथील लोक आपले सामान बाहेर काढीत नाहीत. घर उभे आहे या भरवशावर असतात.

मासिकेही बंद पडतात, हे आम्ही विसरलो नाही. मराठी मासिकांचा इतिहास हा पुष्कळसा बंद पडण्याचाच इतिहास आहे. ‘निबंधमाला’ आठ वर्षेही पुरती चालली नाही. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ पासून १९३७ पर्यंत चालून थांबला. ‘सत्यकथा’ १९८२ साली थांबली. आणि तिच्या बाबतीत तर तेथील संपादक, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन, लेखकांस कशी पत्रे लिहीत याच्या आठवणी लेखक आजही सांगतात. कथा नाकारावयाची तरी ती का, आणि कोठे काय केले तर ती उभी राहील, हे कळविण्याचे कष्ट ते घेत. तिच्यावर रुष्ट असणाऱ्या तरुण लेखकांनी एकदा तिच्या अंकाची होळीही केली. पण होळी करावयास तरी अंक हाती असावा लागतो, आणि ज्याच्यावर रागवावे असा कोणी समोर असावा लागतो. ही मासिके थांबली तेव्हा त्यांचे अंक मात्र शेकडो घरांत आणि ग्रंथालयांत होते. एका गावचा गठ्ठा वाळवीने खाल्ला तर दुसऱ्या गावचा शाबूत राही. शिवाय छापील पुस्तके व नियतकालिके यांच्यासाठी १९५४ चा कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांस प्रत पोचती करावयाची असते. तो कायदा झाला तेव्हा संकेतस्थळ ही वस्तू कोणाच्या स्वप्नातही नव्हती, आणि त्याची रचना छापील कागद डोळ्यांसमोर ठेवूनच झालेली आहे. त्यामुळे हजारो वाचक असलेला आंतरजालावरील दिवाळी अंक, शंभर प्रती काढणाऱ्या गावच्या स्मरणिकेपेक्षाही निराधार आहे.

आमच्या मागण्या फार नाहीत. स्थळ चालविणे जमेनासे झाले तर तसे मुखपृष्ठावर लिहावे. नवे लेखन बंद करून जुने नुसते वाचण्यापुरते ठेवावे, म्हणजे दुरुस्त्यांचा भार पुष्कळ हलका होतो. प्रत्येक सभासदास आपले लेख, आणि त्यांखालील प्रतिसाद, एकगठ्ठा उतरवून घेता यावेत. आणि किल्ली दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असावी; किराणा दुकानाचा मालकही गावी जाताना शेजाऱ्यास सांगून जातो. यातील एकही गोष्ट यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अवघड नाही, असे आम्हांस जाणकार सांगतात.

त्या जाणकारांपैकीच एका तरुणाने आम्हांस ‘इंटरनेट आर्काइव्ह’चा मार्ग दाखविला. ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती घेऊन ठेवीत आहे. तेथे आमचे सातपैकी सहा लेख निघाले. त्यांच्या प्रती आमच्या घरीही होत्याच. परंतु त्या यंत्राने लेखाचे पहिले पान तेवढे टिपले होते. प्रतिसादांच्या ‘पुढील पाना’कडे ते बहुधा वळलेच नसावे. फिटरबुवांचे पहिले चार प्रतिसाद मिळाले. गाडीतून उतरण्याचा वाद अर्ध्यावर, गार्डाच्या नातीचे लिहिणे पुरते. जे मिळाले ते सारे आम्ही स्टेशनाजवळच्या दुकानात छापून घेतले आणि शिवून गावच्या वाचनालयात दिले. ग्रंथपालांनी त्यावर दाखलक्रमांक टाकला आणि विचारले, “लेखक म्हणून कोणाचे नाव घालू?” आम्ही म्हटले, “सर्वांचे.” त्यांच्या रकान्यात तेवढी जागा नव्हती.

दिवाणजींचा शोध लागावयास पुढे आणखी पाच महिने गेले. ते आता नव्वदीच्या पुढे आहेत आणि मुलाकडे असतात. दूरध्वनीवर त्यांचा आवाज खणखणीत होता. आमचे नाव त्यांस आठवले, लेखमालाही आठवली, आपण बरेच काही लिहिले होते हेही आठवले. पोती मोजण्याची रीत पुन्हा सांगाल काय, असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी ‘लाभ’पासून आरंभ केला आणि आपल्या लयीत वीसपर्यंत मोजून दाखविले. सर्व आकडे नेहमीचेच होते. त्यांतील एकास टोळीत निराळा शब्द होता असे आपण लिहिले होते, याची आम्ही आठवण दिली. ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “होता खरा. मी तेथे लिहिला आहे ना? तेथे पाहा की.”